पिकपची खांदमळणी

माझं तोंड खराब आहे, हे आधीच सांगून ठेवतो. गाडी बंद पडली की मी गाडीला शिव्या देतो, रस्त्याला देतो, रस्ता करणाऱ्याला देतो, आणि कुणीच न्हाई सापडलं तर आशाला, म्हणजे बायकोला, फोन लावून तिच्यावर खेकसतो. ती म्हणती, "तुमाला बैलच बरे होते. निदान ते निमूट ऐकून तरी घेत होते." पण या पोळ्यानंतर माझ्या गाडीचं जे झालं ना, त्यात शिव्या द्यायला बराबर माणूस सापडला. तोच नको होता सापडायला.

गाडी म्हणजे पिकप. सिद्धेश्वर धरणाच्या खाली आमचं गाव. धरणातली मासळी भोई लोक पहाटे काढतात, ती बर्फात घालायची आणि ऊन चढायच्या आत नांदेडच्या बाजारात उतरवायची, हे माझं काम. ठेकेदार शंकरसिंग. माणूस वाईट न्हाई, पण मासळीचा धंदा म्हणजे घड्याळाचा धंदा. बर्फ कुणाची वाट बघत न्हाई. रोज ठरलेलं भाडं म्हणून तर पिकप आमच्या दारात होती. हळदीचं भाडं मिळतं, पण ते उन्हाळ्यात. बाकी वर्षभर या भागात रिकाम्या गाडीला कोण विचारतं? मासळी गेली की गाडी इकणं आलं. हे मला माहीत होतं, आशाला माहीत होतं आणि आबांनाही माहीत होतं.

आबा म्हणजे माझे वडील, उकंडराव. सगळा जन्म बैलामागं गेला. आमची शेवटची जोडी हिऱ्या आणि माणक्या. लंपीची साथ आली तेव्हा हिऱ्याच्या अंगावर गाठी उठल्या. डॉक्टर येऊन सुई मारून गेला, पण आबांचा भरवसा सुईवर नव्हता. दिवसभर गोठ्यात बसून राहायचे. कढत पाण्यात कडुनिंबाचा पाला न् हळद टाकायची, त्यात गोणपाट बुडवायचं, पिळायचं आणि हिऱ्याच्या खांद्याला, पायाला शेकत बसायचं. हिऱ्या मेला. त्या साथीत गावातली कितीतरी जनावरं मेली. एकटा माणक्या काय करणार? जोडी फुटली म्हणजे नांगर फुटला. आखाडा बाळापूरचा एक गिऱ्हाईक आला आणि त्याला घेऊन गेला. कासरा त्याच्या हातात देताना आबा एवढंच म्हणाले, "पोळ्याला त्याचे खांदे शेकत जा. गरम पाणी लई मानवतं त्याला."

मग मी पिकप आणली न् रिकाम्या गोठ्यात उभी केली. आबा कितीतरी दिवस तिकडं बघतसुद्धा नव्हते. "पोट न्हाई, पाठ न्हाई, ह्याला काय जनावर म्हणायचं?" म्हणायचे. मला राग यायचा. अरे, जनावर म्हण असं सांगितलं कुणी? पण हळूहळू काय झालं, मी पहाटे गाडी चालू करायला सेल मारला की आबा घोंगडी गुंडाळून बाहेर यायचे, बॉनेटवर हात ठेवायचे आणि तोच हात कपाळाला लावायचे. बैल जुंपताना करायचे तसंच. बॉनेट कशी उघडते, दांडी कुठं लावतात, पाणी-ऑइल कसं बघतात, हे सगळं ते मी करताना बघून राहायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला करमत न्हाई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदमळणी असती. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलून निघतो, म्हणून त्या दिवशी तो गरम पाण्यानं शेकायचा, हळद-तूप चोळायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतन घे, उद्या जेवाया ये. दोन पोळे आमच्या घरात खांदमळणी झाली नव्हती. या वर्षी मी मासळी उतरवून घरी आलो, जेवलो, झोपलो. उठून बघतो तर आबांनी पिकपच्या बॉनेटला, बंपरला हळद-तूप चोळलेलं. काच पुसलेली. आरशाला गोंडे. आणि म्हातारा आरशाशी तोंड नेऊन सांगून राहिला, "आज आवतन घे, उद्या जेवाया ये."

मी लई हसलो. फोटो काढला, गावच्या ग्रुपवर टाकला. आशा मला म्हणाली, "हसू नका हो. दोन वर्षांनी आबा जेवलेत आज पोटभर." दुसऱ्या दिवशी पिकपपुढं पुरणपोळीचं ताट ठेवलं, आणि ती पोळी मीच खाल्ली. आबांनी बाहेरून चोळलं ते मला दिसलं. आतून काय केलं ते कुणाला दिसलं?

पोळा होऊन थोडे दिवस गेले असतील. मासळी भरून निघालो, जवळाबाजार ओलांडलं आणि समोर पिवळा दिवा लागला. इंजिनचा दिवा. गाडी एकदम मरगळली. ॲक्सिलेटर तळाला दाबला तरी सायकलवाला पुढं जाईल अशी चाल. हट्ट्यापर्यंत कशीबशी रांगत आणली. तिथं मुन्ना मिस्त्रीचं गॅरेज आहे. मुन्ना माझ्याच वयाचा, हात चांगला, पण बोलणं म्हणजे अर्धं मराठी, अर्धं हिंदी आणि मध्ये मध्ये तंबाखू.

त्यानं स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे मोबाईलएवढी पाटी, गाडीला वायर जोडली की गाडीचं दुखणं पाटीवर उमटतं. "रेल प्रेशर का सेन्सर बोल रहा," मुन्ना म्हणाला. "डिझेलचं प्रेशर किती आहे ते हा सेन्सर इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो. हा गप झाला की कॉम्प्युटर घाबरतो आणि गाडीचा गळा दाबतो. बदलावा लागतोय."

"मग बदल की! माझा बर्फ वितळून राहिला."

"इंजिन गार होऊ दे. डिझेलचं प्रेशर उतरू दे. न्हाईतर तोंडावर उडंल माझ्या."

मी तिथं उभा राहून बर्फाकडं बघत होतो. माणूस म्हणून याच्याइतकं बेकार काम न्हाई. गाडी आपली, माल आपल्या जबाबदारीचा, आणि आपण काय करायचं तर मिस्त्रीचा पाना बघत उभं राहायचं. त्यानं बॅटरीचं टर्मिनल सोडलं. सेन्सरवरचं कपलर, म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लास्टिकचा टोपणखोका, ते कळ दाबून ओढलं. जुना सेन्सर पान्यानं सोडवला, नवा हातानं बसवून मग कसला, कपलर टक् करून लावलं. बॉनेटखाली बोट फिरवून म्हणाला, "अंदर इतनी हळद? हळदीचा माल भरला का?"

"उन्हाळ्यात भरला होता. वसमतला."

"हां, तभी." न् बोट पँटला पुसलं.

आमच्याकडं हळद कुठंही सापडती, कपड्यात, नखात, लेकराच्या दप्तरात. त्याचं कुणाला काय वाटणार? गाडी सुरू झाली, दिवा गेला, चाल आली. मासळी उशिरा पोचली, शंकरसिंगनं फोनवर थोडं ऐकवलं, मी ऐकून घेतलं. घरी आलो, जेवलो, झोपलो. संध्याकाळी उठल्यावर आबांनी विचारलं, "काय झालतं त्याला?"

"सेन्सर गेला होता. बदलला."

"ते काय असतं?"

"आबा, गाडीची नस म्हणा. नस दबली होती."

आबांनी मान हलवली. नस दबल्यावर काय करायचं हे त्यांना माझ्यापेक्षा बराबर माहीत होतं. पण ते मला तेव्हा कळलं असतं तर!

दुसऱ्या पहाटे गाडी त्याच रस्त्यावर, थोडी पुढं जाऊन, पुन्हा मरगळली. पुन्हा पिवळा दिवा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मुन्नाच्या दारात जाऊन मी हॉर्न दाबूनच धरला. तो दात घासत बाहेर आला.

"काय माल घातला रे काल? डुप्लिकेट घातला का?"

"सोमेशभाऊ, जबान संभाल के. डबा तुमच्या समोर फोडला."

स्कॅनर लावला. आता पाटीवर दुसरंच नाव. कॅम सेन्सर. इंजिनच्या आतली दांडी कुठं फिरून राहिली ते कॉम्प्युटरला सांगणारा. मुन्नानं डोकं खाजवलं. कपलर काढलं, फुंकर मारली, एक बोल्ट सोडला, सेन्सर हलवून हलवून वर ओढला, नव्याच्या रबरी रिंगला थोडं ऑइल लावलं, दाबून बसवला. गाडी झक्कास चालू. मुन्ना म्हणाला, "आता काही होणार न्हाई." मी म्हणालो, "झालं तर तुझ्या गॅरेजला कुलूप लावीन." आणि मासळी पोचवली, पुन्हा उशिरा.

मग तर तो धंदाच झाला. एक दिवस गाडी बरी, एक दिवस आजारी. कधी पाटी रेल प्रेशर म्हणायची, कधी कॅम, एकदा तर दोन्ही धरून तिसरंच, हवेचा सेन्सर. तोही बदलला. मी हट्ट्याला गेलो की आजूबाजूचे दुकानदार हसायचे, "आले, मुन्नाचे जावई आले." मुन्ना आधी भांडायचा, मग भांडायचाही थांबला. नुसता बॉनेट उघडून बघत उभा राहायचा. मला ते जास्त लागलं. मिस्त्री भांडतो तोवर त्याला काहीतरी माहीत असतं. तो गप झाला म्हणजे आपलं कोणी उरलं न्हाई.

"माझ्या इथून जाती तेव्हा बरी असती ना?" एकदा त्यानं विचारलं.

"असती."

"घरी जाऊन काय करतोस तू?"

"झोपतो! अजून काय करणार? नाचतो का तिच्यापुढं?"

त्याच दिवशी शंकरसिंग स्वतः धरणावर आला. ओरडला न्हाई, त्याचीच भीती वाटली. "सोमेश्वर," म्हणाला, "माल नरम पडून राहिला. समोरचा व्यापारी घ्यायला कुरकुर करून राहिला. अब एक बार और रुकी ना गाडी, तो मैं दुसरी लगा दूँगा. बुरा मत मानना."

मी मान डोलावली. घरी आलो आणि सगळा राग गोठ्यासमोर काढला. टायरला लाथ मारली. "आता एकदा बंद पड तू! भंगारात घालतो का न्हाई बघ! इकून टाकतो!"

आबा ओसरीवर बसले होते. ते उठले. "आसं बोलू न्हाई, सोमा," म्हणाले. "आजारी हाय ते. आजारी जनावराला लाथ मारती का कुणी?"

"जनावर न्हाई ते आबा! लोखंड आहे!"

"आसंल. पर बरं होईल. मी हाय ना."

मी हात झटकून आत गेलो. म्हातारा असून काय करणार, असं वाटलं. आशा भाकरी थापत म्हणाली, "तुमच्या बोलण्यानं आबांला लई लागलं. आणि त्यांचे गुडघेबी वाढलेत वाटतं. मी रानातून येते तं चुलीवर पातेलं असतंच रोज. दुपारभर गरम पाणी चालू असतं त्यांचं." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. गुडघ्याचं ऐकायला माझ्याजवळ डोकं कुठं होतं?

शेवटची खेप मी लई जपून नेली. निघताना आबांनी नेहमीसारखा बॉनेटवर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला. मी शिवी दिली न्हाई, हॉर्न मारला न्हाई, चढाला गिअर हळू टाकला. गाडी छान चालली. जवळाबाजार गेलं. मला वाटलं, सुटलो. हट्टा समोर दिसायला लागलं आणि दिवा लागला. गाडीनं दोन हिसके दिले आणि बंदच पडली. नुसती मरगळली असती तरी रांगत नेली असती. पण या वेळी मेलीच. सेल मारला, पुन्हा मारला, नुसती किरकिर. खाली उतरलो. पाठीमागून बर्फाचं पाणी रस्त्यावर ठिबकून राहिलं होतं. शंकरसिंगला फोन करायला माझा हात उठंना. पण केला. न करून काय करतो?

दुसरी पिकप आली. नवी, निळी. तिच्या ड्रायव्हरनं आणि मी मिळून क्रेट एका गाडीतून दुसरीत टाकले. माझेच क्रेट मी माझ्याच हातानं दुसऱ्याच्या गाडीत लावले. शंकरसिंग फोनवर म्हणाला, "अब रहने दो, सोमेश्वर. पूरे सीझन के लिए इसको बोल दिया." मी "हां" म्हणालो. निळी गाडी गेली. रस्त्यावर मी, माझी पिकप आणि मासळीचा वास उरलो.

मुन्नानं दोर बांधून गाडी गॅरेजला ओढली. त्यानं या वेळी स्कॅनर लावलाच न्हाई. बॉनेट उघडली, बॅटरी काढून बाजूला ठेवली आणि एकेक कपलर सोडून उन्हात धरून बघायला लागला. रेल प्रेशरचं कपलर त्यानं जमिनीवर आपटलं तर त्यातून पाणी पडलं. पिवळं पाणी. दुसऱ्यातूनही तसंच. आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. त्यानं पाणी बोटावर घेऊन वास घेतला.

"भाऊ, ये हळद है. आणि तूप." मग वायरीच्या जुडग्यात बोट घालून त्यानं काहीतरी ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. कडुनिंबाचं पान. ओलं, हिरवंगार. "आजकल में का है. सेन्सर एक भी खराब नहीं था. रोज कोणीतरी इंजिनवर गरम पाणी टाकून राहिलं. मी कपलर काढून लावतो, तेवढ्यानं पाणी निघतं, गाडी चालती. घरी गेली की पुन्हा पाणी. कोण करून राहिलं रे हे? कुणाशी दुश्मनी आहे का तुझी?"

मी त्या पानाकडं बघत राहिलो. हिऱ्याच्या गोठ्यात त्या वर्षी असाच पाला पडलेला असायचा. दुश्मन! कुणी दुश्मन असता तर बरं झालं असतं. त्याच्या घरी जाऊन त्याला तुडवला तरी असता.

मुन्नानं कपलर वाळवली, पिना घासल्या. गाडी चालू झाली. दुपारी घरी पोचलो. आबा दारातच होते. "आलास? चालली ना बराबर?"

"हां," मी म्हणालो.

"मंग जेव न् झोप जा तू."

मी जेवलो न्हाई. खाटेवर आडवा झालो, डोळे मिटले. थोड्या वेळानं चुलीवरचं पातेलं उतरवल्याचा आवाज आला. मी उठून खिडकीशी गेलो. आबा एका हातात पातेलं, एका हातात गोणपाट घेऊन गोठ्यात चालले होते. पातेल्यातून वाफ निघत होती. त्यांना बॉनेट उचलवत न्हाई, तरी छातीनं रेटून उचलली, दांडी लावली. गोणपाट पाण्यात बुडवलं, पिळलं, चटका बसला तसा हात झटकला आणि इंजिनवर, जिथून सगळ्या वायरी फुटतात बराबर तिथं, दाबून धरलं. आणि बोलत होते.

"हिऱ्या गेला, माणक्या गेला. तू तरी राहा. सोम्या तोंडाचा खराब हाय, मनाचा न्हाई. त्यो तुला इकायचा न्हाई. तू फकस्त पाय उचल. मी हाय ना शेकाया."

मी तसाच परत फिरणार होतो. पण नजर त्या पाण्याकडं गेली. गोणपाटातून ओघळून ते नुकतंच वाळवलेल्या कपलरमध्ये उतरत होतं. सकाळचा रस्ता दिसला, निळी गाडी दिसली, आणि तोंड सुटलं. मी बाहेर पळालो.

"आबा! सोडा ते! तुमच्या शेकण्यानं मेली ती! तुमी मारली! रोज पाणी घालून घालून मारली! काम गेलं माझं, ठाऊक आहे का? गेलं!"

आबांच्या हातातलं गोणपाट तसंच राहिलं. त्यातून पाणी टपकत होतं, त्यांच्या पायावर. ते माझ्याकडं बघत होते, पण माझा राग बघत असावेत असं वाटलं न्हाई. काहीतरी जुळवत असल्यासारखं. रानातून परत आलेली आशा फाटकात थांबली होती. तिच्या डोक्यावरचा गवताचा भारा तसाच.

"माझ्या शेकण्यानं?" आबा म्हणाले.

"मग कशानं? त्याच्या नसात पाणी गेलं. मिस्त्रीनं दाखवलं मला. हे बघा!" मी खिशातून ते पान काढून त्यांच्यापुढं धरलं. काहून धरलं? मी बोललो तेवढं पुरं नव्हतं का?

आबांनी पान घेतलं. गोणपाट खाली ठेवलं. पिवळे झालेले हात धोतराला पुसले, मग पुन्हा पुसले. मला वाटलं, ओरडतील, आपण बाप आहे म्हणतील, मी ऐकून घेईन आणि मिटून जाईल.

"मंग हिऱ्याचं बी..." ते म्हणाले.

"काय हिऱ्याचं?"

"त्याला बी मी रोज शेकायचो. आसंच. कढत कढत."

माझा सगळा राग तिथल्या तिथं गळून गेला. "आबा, हिऱ्याला लंपी झाला होता. डॉक्टर आला होता ना? गावातले किती बैल मेले. शेकण्यानं बैल मरत नसतो आबा!"

"गाडी मेली की."

मी बोलत राहिलो. लोखंड वेगळं, जनावर वेगळं, विजेच्या वायरीला पाणी चालत न्हाई, बैलाला चालतं, कधी बी चालतं. आशानं भारा टाकला आणि तीही म्हणाली, आबा, तुमी शेकलं म्हणून तर हिऱ्या तेवढे दिवस जगला. आबा मान हलवत होते, व्हय व्हय म्हणत होते. लहान लेकराची समजूत घालायला मोठं माणूस म्हणतं तसं. समजूत ते माझी घालून राहिले होते.

मी शंकरसिंगकडं जाऊन आलो. हात जोडले. गाडी बरी झाली, कारण कळलं, पुन्हा होणार न्हाई म्हणालो. त्यानं चहा पाजला. निळ्या गाडीवाल्याला शब्द दिला होता, तो कसा मोडणार? त्याचंही बराबर होतं. दारात उभी गाडी खायला उठती. थोडे दिवस इकडंतिकडं भाडं बघितलं, मिळालं न्हाई, आणि गिऱ्हाईक शोधलं. आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं." एवढंच. पहाटे ते आता बाहेर येत नव्हते. गोठ्याकडं जायचं झालं तर भिंतीच्या कडेनं जायचे, गाडीला अंग लागू न देता.

गिऱ्हाईक आला त्या दिवशी आशानं हळद-कुंकवाचं ताट केलं. दारातून जनावर जाताना घरच्या मोठ्यानं हळद लावायची, ही रीत. तिनं ताट आबांपुढं धरलं. मी म्हणालो, "आबा, लावा ना. बाहेरून लावल्यानं काही होत न्हाई. बॉनेटवर लावा." आबांनी ताटाकडं बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागं नेले. मी पुन्हा म्हणालो. ते हलले न्हाईत. मग आशानंच बोटभर हळद लावली.

गिऱ्हाईक आत बसला. आबा काठी टेकत त्याच्या खिडकीशी गेले. मला वाटलं, माणक्याच्या वेळेसारखं काहीतरी सांगतील.

"जपून ठिवा," आबा म्हणाले. "घरात कुणी म्हातारं आसंल तं त्याला हात लावू देऊ नका."

गिऱ्हाइकाला काही कळलं न्हाई. त्यानं हसून मान हलवली आणि सेल मारला. पिकप एका सेलात चालू झाली.